प्रॉस्पेक्टसातल्या खाटा मोजा

बारावीचा निकाल लागला आणि आमच्या बिल्डिंगीतल्या एका पोरीच्या घरात चार प्रॉस्पेक्टस येऊन पडले. गुळगुळीत कागद. कव्हरवर पांढरा कोट घातलेली गोरीगोमटी पोरगी, हातात काचेची नळी, तोंडावर हसू. तिच्या पाठीमागे हिरवळ, हिरवळीत कारंजं. आमच्या पोरीच्या पाठीमागे खिडकी, आणि खिडकीत रिफायनरीची चिमणी. चिमणीच्या टोकाला रात्रंदिवस जळणारा जाळ. पोरगी म्हणाली, 'दादा, मला फार्म. डी. करायचंय. सहा वर्षांचं असतं. नावामागं डॉक्टर लागतं. यातलं कुठलं कॉलेज निवडू?'

निवडू. दोस्तांनो, हा शब्द त्या घरात पहिल्यांदाच बोलला गेला असंल. तिच्या बापानं आयुष्यात काय निवडलं? तानसा पाइपलाइनच्या कडेची झोपडी निवडली नव्हती, जागा तिथंच मिळाली. २०१७ साली कोर्टाच्या हुकमाचा कागद फडकावत पालिकेचा बुलडोझर आला तेव्हा त्याला कुणी विचारलं नाही की बाबा, कुठं जातोस? चावी हातात दिली आणि सांगितलं, माहुल. ७२ इमारती, १७,२०५ खुराडी. एका अंगाला तेलाच्या रिफायनऱ्या, दुसऱ्या अंगाला रसायनांच्या टाक्या, पलीकडं खताचा कारखाना. आणि हे माहीत नसताना झालेलं नाही बरं का. २०१३ साली केईएम इस्पितळानं माहुल-आंबापाड्याची पाहणी केली होती. १०० माणसांतल्या ६७ माणसांना महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा दम लागतो, ८४ जणांची छाती कोंडते, ८६ जणांचे डोळे चुरचुरतात, असं कागदावर आलं होतं. २०१५ साली हरित लवादानं सांगितलं की इथल्या हवेनं माणसाच्या तब्येतीला धोका आहे. २०१५ ला निकाल, आणि २०१७ ला माणसं भरली! ज्या हवेत माणूस राहू नये असं न्यायासनानं सांगितलं, त्याच हवेत हजारो माणसं ट्रकमधनं आणून ओतली. म्हारामांगांची, चांभारांची, मुसलमानांची, गावाकडनं हाकललेल्या कुणब्यांची. मलबार हिलवर रस्ता रुंद झाला तर तिथल्या माणसाला माहुलची चावी देतील का?

पुढं लोक लढले. २०१८ च्या ऑक्टोबरात विद्याविहारच्या फुटपाथवर जाऊन बसले. २०१९ साली उच्च न्यायालयानं सांगितलं, ज्यांना तिथं राहायचं नाही त्यांना महिना १५,००० भाडं आणि ४५,००० डिपॉझिट द्या. २०२० साली लवादानं चार कंपन्यांवर मिळून २८६ कोटींची आकारणी केली. काही सुटले. काही अजून इथंच आहेत. आम्ही इथंच आहोत. आणि २०२५ साली पालिकेनं हीच रिकामी घरं १२ लाख ६० हजाराला आपल्याच कामगारांना विकायला काढली. धन्य आहे.

हे सगळं कॉलेज निवडीच्या लेखात कशाला? असं विचारणारा वाचक आमचा नाही. तरी सांगतो. आमच्या मजल्यावर १२ खोल्या. नऊ खोल्यांत रोजचं औषध आहे. दम्याचा पंप, बीपीची गोळी, साखरेची गोळी, दोन घरांत टीबीचं पाकीट. औषध आमच्या घरात मीठमिरचीसारखं येतं, वाण्याच्या चिठ्ठीसारखं. सरकारी दवाखान्यातला डॉक्टर दोन मिनिटं बघतो. खाली मेडिकलच्या काउंटरवर एक पोरगं उभं असतं, त्याच्या पाठीमागे भिंतीवर कुणा तिसऱ्याच माणसाचं सर्टिफिकेट टांगलेलं असतं. ते पोरगं सांगतं, 'लाल गोळी सकाळी, पांढरी रात्री.' आमची एक म्हातारी दम्याचा पंप दोन वर्षं तोंडासमोर धरून हवेत उडवत होती. खोलीत सुगंध मारावा तसा. श्वासासोबत ओढायचा असतो, ओढून धरायचा असतो, हे तिला दोन वर्षांत कुणी सांगितलं नाही. औषध बरोबर, पैसे खर्च झालेले, आणि म्हातारीची छाती जशीच्या तशी.

ह्या जागी जो माणूस हवा, त्याच्यासाठी ही पदवी आहे. रोग्याची फाइल वाचणारा, पाच डॉक्टरांनी दिलेल्या बारा गोळ्या एकमेकीला मारक आहेत का ते बघणारा, कुणाच्या मूत्रपिंडाला कुठला डोस झेपत नाही ते डॉक्टरला तोंडावर सांगणारा, आणि म्हातारीच्या हातात पंप देऊन 'आता ओढ' म्हणणारा. फार्मसी कौन्सिलनं २००८ साली हा अभ्यासक्रम सुरू केला. पाच वर्षं शिक्षण, एक वर्ष इस्पितळात इंटर्नशिप. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि जोडीला बायॉलॉजी नाहीतर मॅथ्स हवं. डी. फार्म. झालेल्यालाही दार उघडं आहे. बी. फार्म. झालेल्यासाठी तीन वर्षांची वेगळी वाट आहे. एका कॉलेजात साधारण ३० जागा.

औषधाचं ज्ञान नसलं की काय होतं ते ह्याच मुंबईनं पाहिलंय. १९८६ साली, जे. जे. इस्पितळात, ग्लिसरीन म्हणून जे पाजलं त्यात डायएथिलिन ग्लायकॉल नावाचं कारखान्यातलं विष होतं. १४ माणसं मेली. सरकारी इस्पितळात, सरकारी खरेदीचं औषध पिऊन. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानं ठेकेदारापासून मंत्र्यापर्यंत सगळी साखळी उघडी केली. आणि २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात? छिंदवाड्याकडची लेकरं खोकल्याचं औषध पिऊन मूत्रपिंड निकामी होऊन मेली, वीसाच्या वर. कित्येकांनी नागपूरच्या इस्पितळांत शेवटचा श्वास घेतला. बाटलीत काय होतं? तेच. डायएथिलिन ग्लायकॉल. मध्ये जवळपास ४० वर्षं गेली, विषाचं नाव बदललं नाही. मरणारांचा पत्ताही बदलला नाही.

म्हणून मी त्या पोरीला म्हणालो, कर. पण नावामागच्या 'डॉक्टर'साठी करणार असशील तर प्रॉस्पेक्टस आत्ताच रद्दीत घाल. ते दोन अक्षरी आमिष कॉलेजवाल्यांनी मुद्दाम मोठ्या टायपात छापलंय. आपल्या लोकांना पदवीची भूक आहे हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. हजार वर्षं उपाशी ठेवलेल्यापुढं ताट दाखवायला अक्कल लागत नाही.

आता त्या ताटात काय आहे ते बघू.

नियम असा, की फार्म. डी. चालवणाऱ्या कॉलेजकडं ३०० खाटांचं इस्पितळ पाहिजे. स्वतःचं नाहीतर करारानं जोडलेलं. त्यात मेडिसिनचा विभाग सक्तीचा, आणि सर्जरी, बालरोग, स्त्रीरोग, मानसोपचार, त्वचारोग, अस्थिरोग यांतले आणखी तीन. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या वर्षी दरवर्षी किमान ५० तास पोरांनी इस्पितळात घालवायचे. पाचव्या वर्षी रोज सकाळी अर्धा दिवस वॉर्डात, डॉक्टरांबरोबर राउंडला. सहावं वर्ष पूर्ण इस्पितळात, त्यातले सहा महिने मेडिसिनला. म्हणजे ह्या पदवीचा अर्धा जीव खाटेजवळ आहे. प्रयोगशाळा, वायफाय, कारंजं, सगळं झूट. कॉलेज बघायचंच नाही. इस्पितळ बघायचं.

आम्ही गेलो. पोरगी, तिचा बाप आणि मी. मध्य रेल्वेच्या पार शेवटाकडचं एक स्टेशन, तिथनं टमटम. कॉलेजचं नाव घेत नाही, घेण्याची गरज नाही. असली दहा निघतील. प्रॉस्पेक्टसात 'संलग्न बहुविशेषता रुग्णालय, ३०० हून अधिक खाटा' असं होतं. कॉलेजच्या बाईनं लिंबूसरबत दिलं आणि फीचा तक्ता दिला. इस्पितळ कुठंय विचारलं तर म्हणाली, 'ते जरा लांब आहे, तुम्ही कशाला त्रास घेता?' घेतला त्रास. दीड तास लागला. गेटवर वॉचमन झोपलेला. मी मेडिसिनच्या वॉर्डात सिस्टरला विचारलं, 'फार्म. डी.ची पोरं राउंडला किती वाजता येतात?' सिस्टर म्हणाली, 'कोण पोरं?'

कोण पोरं! सहा वर्षांच्या पदवीची अख्खी कुंडली ह्या दोन शब्दांत मांडली गेली. मग एक आयाबाई हळूच म्हणाली, तपासणी असली की बसमधनं येतात, कोट घालून फोटो काढतात, जातात. आणि आमच्या पोरीचा बाप, जो पालिकेच्या कंत्राटात झाडू मारतो, तो माणूस तोवर गुपचूप तिन्ही मजले फिरून आला होता. म्हणाला, 'खाटा एकशे चाळीस हायेत. त्यातल्या साठांवर माणूस हाय. बाकीच्यांवर गाद्या बी न्हाईत.' त्याला फार्म. डी. म्हणजे काय ते धड माहीत नाही. पण त्यानं जे केलं ते तपासणीला आलेल्या एकाही सुटाबुटातल्या साहेबानं केलं नसावं. त्यानं मोजलं.

दुसरं कॉलेज आणखी आत. तिथं इस्पितळ खरं होतं, माणसांनी भरलेलं. पोरं वॉर्डात होती. पण चहाच्या टपरीवर पाचव्या वर्षाच्या दोघांना विचारलं तर कळलं की डॉक्टर राउंडला त्यांना मागं उभं करतो, फाइलला हात लावू देत नाही. शिकवायला 'फार्मसी प्रॅक्टिस'चा एकच सर, तोही वर्षात दोनदा बदललेला. तरी ती पोरं काहीतरी शिकत होती. एकाच्या वहीत त्यानं स्वतः पकडलेल्या औषधांच्या चुका लिहिलेल्या होत्या. मला ती वही आवडली. सांगायचं एवढंच की टपरीवर बसल्याशिवाय कॉलेज कळत नाही. प्रिन्सिपॉलच्या केबिनमध्ये सगळ्यांनाच कळतं.

आता पैसा. फी वर्षाला लाखाच्या वर, गुणिले पाच किंवा सहा. अनुसूचित जातीच्या पोराला, घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलं तर, भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. कागदावर. पण तीत खाचा किती! प्रवेश सरकारी कॅप फेरीतून पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की शिष्यवृत्ती गेली; केंद्रानं २०१८ मध्ये ते दार बंद केलं. कॉलेजचा क्लार्क गोड बोलून सांगतो, 'कॅपमध्ये नंबर लागो न लागो, आमच्याकडं संस्थेच्या जागा आहेत, आजच पक्की करा.' पक्की केली की सहा वर्षांची सावकारी पक्की. हे वाक्य आमच्या वसाहतीतल्या निदान तीन बापांनी ऐकलं आणि गावचा जमिनीचा तुकडा विकला. ज्यांना तुकडा होता त्यांनी.

आणि कॅपमधून गेलात तरी पैसा वेळेवर येत नाही. केंद्राचा ६० टक्के वाटा आता सरळ पोराच्या खात्यात पडतो, राज्याचा ४० टक्के वेगळा, आणि दोघांच्या तारखा ब्रह्मदेवाला माहीत. तोवर कॉलेज म्हणतं आधी भरा, नाहीतर परीक्षेचा फॉर्म घेणार नाही. २०१८ च्या फेब्रुवारीत आमच्यापासून रिक्षाच्या अंतरावर, देवनारला, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पोरांनी संप केला होता तो कशासाठी? ह्याच शिष्यवृत्तीच्या पोरांकडनं होस्टेल-मेसची फी आगाऊ मागितली म्हणून. एवढ्या नावाजलेल्या, समाजकार्य शिकवणाऱ्या संस्थेत ही गत. मग शेठजीच्या फार्मसी कॉलेजात काय होणार? म्हणून प्रवेशाआधी प्रिन्सिपॉलला एकच प्रश्न, आणि उत्तर लेखी: शिष्यवृत्ती येईपर्यंत फी थांबवणार की नाही? तोंडी 'बघू' म्हणाला तर नाही समजायचं.

आणखी एक भिंत आहे, ती दिसत नाही. मुंबईतली बरीचशी खाजगी कॉलेजं अल्पसंख्याक दर्जाची आहेत. कुणी भाषिक, कुणी धार्मिक. घटनेच्या १५ (५) कलमानं अल्पसंख्याक संस्थांना आमच्या राखीव जागांतून सूट दिली आहे, आणि २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं तिच्यावर शिक्का मारला. २०२५ साली राज्य सरकारनं अकरावीपुरतं ह्या संस्थांच्या उरलेल्या जागांत आरक्षण घालून बघितलं, तर जूनमध्ये उच्च न्यायालयानं स्थगिती दिली. अल्पसंख्याकांच्या हक्काला माझा विरोध नाही. गरीब मुसलमानाचं पोरगं माझ्या मजल्यावर राहतं, त्याला त्या कोट्याचा फायदा मिळावा. पण करोडपतींच्या ट्रस्टनं भाषेची पाटी लावून भर शहरात किल्ला बांधायचा आणि आम्हाला सांगायचं की तुमच्यासाठी कर्जत आहे, शहापूर आहे, हा कुठला हक्क? गावकुसाबाहेरचा महारवाडा आता रेल्वेच्या टाइमटेबलात सापडतो.

आता घरातली धुणी धुवू.

आपल्यातले काही शहाणे म्हणतात, फार्म. डी. बिर्म. डी. सोडा, दोन वर्षांचं डी. फार्म. करा, सर्टिफिकेट मेडिकलवाल्याला भाड्यानं द्या, घरबसल्या महिन्याला पैसे. अरे भडव्यांनो, त्या भाड्याच्या सर्टिफिकेटखाली उभं राहून अडाणी पोरगं ज्या म्हातारीला चुकीची गोळी देतं, ती म्हातारी कुणाची? तुमचीच. फार्मसीचा कायदा १९४८ चा आहे. नोंदणी झालेल्या माणसाशिवाय कुणी औषध द्यायचं नाही असं ४२ वं कलम सांगतं. शेठनं कायदा मोडला तर ती त्याची जात झाली. आपल्या पोरानं स्वतःचं नाव भिंतीवर टांगायला विकलं तर?

दुसरे क्रांतिकारक. ते म्हणतात शिकून सगळे पांढरपेशे होतात, वस्ती सोडतात, ब्लॉक घेतात, देव्हाऱ्याच्या जागी बाबासाहेबांचा फोटो लावून झोपतात. खरं आहे, होतात. पण ही ओरड मी नेहमी पदवीधरांच्याच तोंडून ऐकली. बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. शिष्यवृत्तीची मुदत सरली तेव्हा लंडनचा अभ्यास अर्धा टाकून १९१७ ला परत यावं लागलं. सिडनहॅमला प्रोफेसरकी केली, पैसा साठवला, मित्राकडनं उसने घेतले, १९२० ला परत गेले, आणि १९२३ ला डी. एस्सी. घेऊनच थांबले. ह्या गोष्टीची आरती कुणी करू नये. तिच्यातला हिशेब घ्यावा: पैसा मध्येच तुटणार हे धरून चाला, आणि तुटल्यावर परत कुठून धरायचं ते आधी ठरवा.

तिसरे तर आपलेच पुढारी. निळ्या फेट्यात सत्कार घेतात, आणि ज्यांच्या हाती संस्था आल्या त्यांच्या केबिनमध्ये बाबासाहेबांच्या फोटोखाली डोनेशनचं पाकीट सरकतं. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी निघाली तेव्हा बाबासाहेबांनी फोटोखाली पाकीट ठेवायची सोय केली नव्हती. एवढंच लिहितो. ज्याला लागायचं त्याला लागेल.

आणि शेवटचा मुद्दा, जो एकही प्रॉस्पेक्टस सांगणार नाही: पदवी घेऊन नोकरी कुठं? सरकारी इस्पितळात औषधनिर्मात्याची भरती निघते ती डी. फार्म., बी. फार्म. वाल्यांच्या पात्रतेवर. वॉर्डात फिरणाऱ्या क्लिनिकल फार्मासिस्टसाठी कायदा बोलतो, २०१५ चे फार्मसी प्रॅक्टिसचे नियम बोलतात, पण पालिकेची तिजोरी बोलत नाही. मोठ्या खाजगी इस्पितळांत जागा आहेत, औषध कंपन्यांत दुष्परिणामांची नोंद ठेवायच्या खुर्च्या आहेत, बाहेरदेशी जायची वाट आहे. म्हणजे आमच्या पोरीनं माहुलच्या म्हातारीसाठी शिकायचं आणि कामाला लागायचं ते कुठल्यातरी काचेच्या बिल्डिंगीत, परदेशातल्या रोग्यांच्या तक्रारी टाइप करायला. राजावाडीत, गोवंडीच्या शताब्दीत, सायनला, प्रत्येक मेडिसिन वॉर्डाला एक फार्म. डी. का नको? ज्या महापालिकेनं आमच्या फुप्फुसाची ही दशा केली तिनं आमच्या औषधावर लक्ष ठेवायला एक माणूस नेमायला काय हरकत आहे? ही मागणी घेऊन एम वॉर्डाच्या ऑफिसवर जायचं आहे. ती पोरगी शिकून बाहेर पडेपर्यंत सहा वर्षं आहेत. तेवढ्यात पद निर्माण होऊ शकतं, आम्ही गप्प बसलो नाही तर.

पोरीनं काय केलं? तिनं पहिल्या ओळीत तिसरं कॉलेज भरलं. मुंबईपासून रात्रभराच्या एसटीवर आहे. कारंजं नाही. पण तिथल्या मेडिसिन वॉर्डाची सिस्टर पोरांना नावानं हाका मारत होती, आणि बापानं मोजलेल्या खाटा भरल्या ३१२, त्यावर जमिनीवर झोपलेले १७. त्याखाली तिनं सरकारी कॉलेजातलं बी. फार्म. भरलं, कारण पैसा तुटला तर तिथं फी झेपते आणि पुढं तीन वर्षांची वाट उरते. मॅनेजमेंट कोट्याचा एकही अर्ज भरला नाही. जागा लागेल का, माहीत नाही. तिची आई म्हणते, पोरगी एवढ्या लांब कशी ठेवायची. रोहित वेमुला गेला २०१६ ला, पायल तडवी गेली २०१९ ला, मुंबईच्या नायर इस्पितळात. आईच्या भीतीला मी अडाणीपणा म्हणणार नाही. होस्टेलवर आपली पोरं किती, त्यांचे फोन नंबर काय, हे आम्ही पोरीआधी घेऊन ठेवलेत.

पुढच्या फेरीचे ऑप्शन भरायला सायबर कॅफेवाल्याला ५०० रुपये देऊ नका. आमच्या बिल्डिंगीखाली, बंद लिफ्टच्या शेजारी, रोज रात्री नऊनंतर आम्ही तिघं बसतो. येताना उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, व्हॅलिडिटी नसेल तर निदान अर्ज केल्याची पावती आणि आधारला जोडलेलं पासबुक आणा. ज्यांना कॉलेज बघायला जायचंय त्यांनी रविवार सोडून दुसरा वार सांगा. रविवारी वॉर्डात राउंड नसतो.